मशीद, मकबरा की दर्गा? आधी पश्चिम शोधा

विजापूर, बिदर, खुलताबाद पाहून आलेल्या वाचकांचे प्रश्न बहुतेक ठरलेले असतात. बीबी का मकबऱ्याला चार मिनार आहेत, मग तिथं नमाज का होत नाही? गोल घुमटात ओट्यावर दिसतात त्या कबरी खऱ्या की नुसत्या दाखवायच्या? दर्ग्यात बायकांनी कुठपर्यंत जायचं? शिलालेखातलं साल आपल्याला वाचता येईल का? आणि शेवटी एक वैतागलेला प्रश्न: गाइडनं मेहराब, मिंबर, इवान, मुकर्नस असे शब्द भराभर सांगितले, त्यातला एकही एसटी स्टँडपर्यंत टिकला नाही, आता काय करायचं?

शब्द आधी पाठ करायला जाऊ नका. इमारतीसमोर उभं राहिल्यावर एक गोष्ट ठरवली, की बाकीचे शब्द जागच्या जागी बसतात. ती गोष्ट म्हणजे पश्चिम कुठं आहे. हा लेख दख्खनपुरता आहे, म्हणजे महाराष्ट्र, गोवा, उत्तर कर्नाटक आणि शेजारचं बऱ्हाणपूर. इराण, तुर्कस्तान किंवा स्पेनला निघाला असाल तर हीच पद्धत चालेल, फक्त दिशा बदलेल.

पहिली पायरी: फोनमधलं होकायंत्र

नमाज मक्केतल्या काबेकडे तोंड करून पढतात. त्या दिशेला किब्ला म्हणतात. आपल्याकडून ती पश्चिमेला येते, काटेकोर सांगायचं तर पश्चिमेहून किंचित उत्तरेकडे. मशिदीची सगळी मांडणी या एका गोष्टीवर ठरते. कबरीची मांडणीही त्यावरच ठरते, हे मात्र बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. मृताला उजव्या कुशीवर, तोंड काबेकडे करून ठेवायचं असतं. म्हणून आपल्याकडे डोकं उत्तरेला आणि पाय दक्षिणेला येतात. म्हणजे मशिदीचा रोख पूर्व-पश्चिम आणि कबर आडवी उत्तर-दक्षिण. होकायंत्र हातात धरून आता पाहा:

- पश्चिमेची भिंत बंद, पूर्वेची बाजू कमानींनी उघडी, बंद भिंतीच्या मध्यावर कोनाडा: ही मशीद. कोनाड्याला मेहराब म्हणतात. तिच्याकडे तोंड केल्यावर उजव्या हाताला पायऱ्यांचं आसन दिसेल, ते मिंबर. शुक्रवारचा खुतबा, म्हणजे प्रवचन, इमाम तिथून देतात. समोरचं अंगण म्हणजे सहन, त्यातला हौद वजूसाठी, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुण्यासाठी.
- मोकळ्या मैदानाच्या कडेला पश्चिमेला एक लांब भिंत, वर छप्पर नाही: ईदगाह. ईदच्या नमाजासाठी, त्यामुळे बहुधा गावाबाहेर.
- चौकोनी किंवा अष्टकोनी इमारत, वर घुमट, मधोमध उत्तर-दक्षिण ओटा: मकबरा. आदरानं रौजा.
- हेच सगळं, पण कबरीवर चादर, ऊद, मोरपिसांचा कुंचा, नवस बोलणारी माणसं आणि व्यवस्था पाहणारे मुजावर: दर्गा. आत राजा किंवा सरदार नसून सूफी पीर असतात. पीरांची पुण्यतिथी म्हणजे उरूस.

मिनाराचा या यादीत उल्लेख नाही, तो मुद्दामच टाळला आहे. मिनारावरून निर्णय केला की हमखास फसगत होते. बीबी का मकबऱ्याच्या चौथऱ्याला चार कोपऱ्यांत चार मिनार आहेत आणि ती कबरीची इमारत आहे. देवगिरीचा चांद मिनार तर एकटाच उभा आहे. घुमटाचंही तसंच. फोंड्याच्या साफा मशिदीवर घुमटच नाही. आदिलशाही काळात 1560 मध्ये बांधलेली ही मशीद कौलारू, उतरत्या छपराची आहे, कोकणातल्या पावसाला साजेशी. तिच्या दगडी तळ्याच्या भिंतींत मात्र मेहराबीच्या आकाराचे कोनाडे ओळीनं कोरले आहेत. गोव्याला जाणारे किती जण तिथं डोकावतात कोण जाणे.

अपवाद दोन लक्षात ठेवा. काही मकबऱ्यांतही पश्चिमेच्या भिंतीत मेहराब असते, म्हणून कोनाडा दिसला की लगेच मशीद ठरवू नका, मध्ये कबर आहे का ते पाहा. आणि कलबुर्गीच्या किल्ल्यातली 1367 ची जामा मशीद पूर्ण छपराखाली आहे, तिला मोकळं अंगणच नाही. अंगण शोधत बसाल तर ती मशीद वाटणारच नाही.

सराव करायचा असेल तर विजापूरच्या इब्राहिम रौजासारखी जागा नाही. एकाच चौथऱ्यावर दोन इमारती समोरासमोर आहेत, दोन्हींना घुमट, दोन्हींना नाजूक मिनार. एक मकबरा, एक मशीद. पाटी न वाचता कोणती कुठली ते सांगा. पूर्वेकडचा मकबरा, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाचा. पश्चिमेकडची मशीद, कारण नमाज पढणाऱ्याच्या समोर कबर येऊ नये. मुलं बरोबर असतील तर त्यांना हे कोडं घाला, मोठ्यांपेक्षा लवकर सोडवतात.

दुसरी पायरी: कबर वर, माणूस खाली

गोल घुमटाच्या मधल्या ओट्यावर जे दिसतं ते कबरींचं वरचं रूप आहे. महंमद आदिलशहा आणि त्याच्या घरच्यांचं खरं दफन खाली तळघरात आहे. मोठ्या मकबऱ्यांत ही पद्धत सर्रास असते. तळघराला सहसा कुलूप असतं, त्यामुळे "आम्हाला मुद्दाम दाखवलं नाही" असा गैरसमज करून घेऊ नका.

बीबी का मकबऱ्यात उलटा अनुभव येतो. तुम्ही वरच्या पातळीवरून आत शिरता आणि खाली, अष्टकोनी संगमरवरी जाळीच्या आत, औरंगजेबाची बेगम दिलरसबानू हिची कबर दिसते. लोक वरून नाणी आणि नोटा टाकतात. तो विधी नाही, नवसही नाही. एकानं टाकली म्हणून दुसरा टाकतो. तुम्ही टाकू नका.

कबरीच्या माथ्यावर कधी कलमदानासारखा लांबट उंचवटा असतो, कधी सपाट पाटी. हिंदुस्थानातल्या रिवाजाप्रमाणे पहिली खूण पुरुषाच्या कबरीची आणि दुसरी स्त्रीच्या. सगळीकडे हा रिवाज पाळलेला नाही, तरी नाव नसलेल्या कबरींच्या रांगेत थोडा अंदाज येतो.

खुलताबादला औरंगजेबाची कबर पाहताना अनेकांची निराशा होते: घुमट नाही, छप्पर नाही, मातीची उघडी कबर. ती अशीच असावी ही त्याची इच्छा होती. भोवतीची संगमरवरी जाळी खूप नंतरची, निजामाच्या काळातली. ही जागा शेख झैनुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारात आहे, म्हणजे तुम्ही आधी दर्ग्यात असता आणि मग स्मारकापाशी. तिथं बंदोबस्त असतो, ओळखपत्र जवळ ठेवा.

तिसरी पायरी: कोपऱ्यात उभं राहून वर बघा

सगळे घुमटाच्या मध्याखाली उभे राहून वर पाहतात, फोटो काढतात आणि निघतात. बांधणाऱ्याचं खरं कसब कोपऱ्यात असतं. खाली चौकोनी खोली आणि वर गोल घुमट. चौकोनाला गोल जोडायचं कसं, हा प्रत्येक गवंड्यापुढचा प्रश्न होता. साधं उत्तर म्हणजे प्रत्येक कोपऱ्यावर तिरकी कमान टाकायची. चौकोनाचा अष्टकोन होतो आणि अष्टकोनावर गोल बसवणं सोपं जातं. छोट्या मशिदी आणि मकबऱ्यांत हेच दिसेल. कधी त्या कमानीत मधमाश्यांच्या पोळ्यासारखे लहान लहान कोनाडे उतरत येतात, तेच मुकर्नस.

गोल घुमटात या उत्तराला वेगळ्याच थराला नेलं आहे. आठ मोठ्या कमानी एकमेकींना छेदतात. एकमेकांवर तिरके ठेवलेले दोन चौकोन डोळ्यांपुढे आणा, म्हणजे ती आकृती समजेल. त्या छेदांतून घुमटाची बैठक आत सरकत येते आणि सुमारे 38 मीटर व्यासाचा घुमट मध्ये एकही खांब न घेता उभा राहतो. बाहेर ढकलू पाहणाऱ्या घुमटाला आत झुकलेल्या दगडचुन्याचं वजन तोलून धरतं. हे कोपऱ्यातून दिसतं, मध्यातून दिसत नाही.

वरच्या सज्ज्यात कुजबुज ऐकायची असेल तर दार उघडताच जा. दहा वाजल्यानंतर शाळांच्या सहली येतात आणि मग प्रतिध्वनी सात की अकरा यावर वाद घालण्यात अर्थ उरत नाही. जिने अरुंद आणि चढ उभा आहे, गुडघेदुखी असेल तर खालूनच पाहा.

दख्खनी की मोगली?

"मुस्लिम वास्तुकला" असं एकच खातं करून त्यात सगळं टाकलं जातं आणि मग ताजमहाल हा एकच मापदंड उरतो. त्यात सर्वांत जास्त नुकसान बीबी का मकबऱ्याचं झालं आहे. "गरिबाचा ताज" हे ऐकूनच लोक आत शिरतात, संगमरवर फक्त खालच्या पट्ट्यात आणि घुमटाला आहे, बाकी गिलावा आहे, हे पाहतात आणि मान हलवतात. त्याच गिलाव्यातली वेलबुट्टी मात्र न पाहता निघून जातात. चुनेगच्चीतली एवढी बारीक नक्षी ताजला नाही, तिथं तिची गरजही नव्हती. प्रवेशद्वारावर पितळी पत्र्यानं मढवलेला दरवाजा आहे, त्यावरच्या लेखात अताउल्ला हा वास्तुकार आणि हंसपत राय हा अभियंता अशी नावं आहेत. अताउल्ला हा ताजमहालाचा वास्तुकार मानला जातो त्या उस्ताद अहमद लाहोरी याचा मुलगा. तेव्हा साम्य असणारच, घरातलंच आहे.

ढोबळ ओळख अशी करा:

- दख्खनी (बहमनी, आदिलशाही, निजामशाही, कुतुबशाही): काळा दगड आणि चुना. घुमटाच्या पायथ्याशी कमळाच्या पाकळ्या, जणू घुमट फुलातून वर आला. छताच्या कडेला बारीक मिनारांची रांग, खूप पुढे आलेले दगडी छज्जे.
- मोगली: लाल दगड किंवा संगमरवर, पाकळीदार कमानी, चार भागांत कालव्यांनी विभागलेली बाग म्हणजे चारबाग.
- इराणी वळणाचं: रंगीत चिनी फरशांचं काम, उंच आयताकृती चौकटीतली भव्य कमान. बिदरचा 1472 चा महमूद गवानचा मदरसा हे आपल्याजवळचं ठळक उदाहरण. आतली जी उंच कमानीची दालनं अंगणाकडे उघडतात, ती इवान.

आणखी एक समज काढून टाकायला हवा. या कलेत चित्रं वर्ज्य, असं सरसकट सांगितलं जातं. मशिदीत माणसांची, प्राण्यांची चित्रं नसतात हे खरं. पण दख्खनच्या दरबारांत उत्तम लघुचित्रं काढली गेली. "किताब-ए-नौरस" लिहिणारा दुसरा इब्राहिम आदिलशहा सरस्वती आणि गणपती या दोघांना आदरानं आठवतो. बिदरजवळ अष्टूरला बहमनी सुलतान अहमदशहा वलीच्या मकबऱ्याचं आतलं छत रंगकामानं भरलेलं आहे आणि त्याच्या उरुसात लिंगायत जंगमाचा मान असतो. तिथं फ्लॅश वापरू नका.

शिलालेखातलं साल कसं काढायचं

लिपी येत नसली तरी साल बऱ्याचदा काढता येतं. आधी लेखाच्या शेवटाकडे, डाव्या खालच्या कोपऱ्यात आकडे शोधा. अक्षरं उजवीकडून डावीकडे लिहिलेली असली, तरी आकडे आपल्यासारखेच डावीकडून वाचायचे. एक म्हणजे उभी रेघ, सात म्हणजे इंग्रजी व्ही, आठ म्हणजे उलटा व्ही, नऊ इंग्रजी नऊसारखा. गोंधळ दोन ठिकाणी होतो: पाच हा शून्यासारखा गोल दिसतो आणि खरा शून्य नुसता ठिपका असतो. सहा हा इंग्रजी साताच्या जवळ जातो. झीज झालेल्या दगडावर ठिपका पुसला गेला असेल तर मोठी चूक होऊ शकते.

मिळालेलं साल हिजरी असतं. त्याला 0.97 नं गुणा आणि 622 मिळवा. चांद मिनाराचं हिजरी साल 849 आहे, गुणून 823.5 आणि मिळवून 1445.5. म्हणजे 1445-46. एखाद्या वर्षाचा फरक गृहीत धरा, कारण हिजरी वर्ष चांद्र, साधारण 354 दिवसांचं. गोल घुमटाच्या दक्षिण दारावरच्या लेखातलं 1067 याच रीतीनं 1657 च्या उंबरठ्यावर येतं, महंमद आदिलशहा प्रत्यक्षात वारला 1656 च्या अखेरीस.

त्याच दारावरचा लेख आणखी एका कारणासाठी पाहा. त्यात तीन फारसी वाक्यं आहेत आणि प्रत्येक वाक्यातल्या अक्षरांच्या मूल्यांची बेरीज 1067 येते. अरबी लिपीत प्रत्येक अक्षराला एक ते हजारपर्यंत ठरलेली किंमत असते आणि कवी साल वाक्यात असं लपवत असत. 786 हा आकडा तुम्हाला ट्रकवर दिसतो किंवा "दीवार" चित्रपटातल्या बिल्ल्यावरून आठवतो, तोही असाच, बिस्मिल्लाहच्या अक्षरांची बेरीज. तेव्हा लेखात आकडा दिसला नाही म्हणजे साल नाही असं धरू नका. ते शब्दांत किंवा बेरजेत असू शकतं. अशा वेळी फोटो काढून जाणकाराला दाखवा.

ऐतिहासिक कागद चाळणाऱ्या मराठी वाचकांनी एक सावधगिरी बाळगावी. आपल्या जुन्या पत्रांतला शुहूर सन हा हिजरी नव्हे. तो सौर आहे, मृगाला सुरू होतो, आणि त्यात 599 किंवा 600 मिळवले की इसवी सन येतो. "इहिदे सबैन अलफ" म्हणजे 1071, म्हणजे 1670-71. याला हिजरीचं सूत्र लावलंत तर इतिहास दहा वर्षं मागे जाईल.

लिपीच्या बाबतीत इतकं पुरे: कोनदार, ताठ अक्षरं कुफी, गोलाईची आणि भरदार ती नस्ख किंवा सुलुस, तिरकी ओघळणारी नस्तालिक. कुराणातल्या आयती अरबीत असतात, राजाचं नाव आणि साल बहुधा फारसीत. इब्राहिम रौजाच्या खिडक्यांत दगडच अक्षरांच्या आकारात कोरून आरपार केला आहे, म्हणून तिथं आत उभं राहून उजेडाकडे पाहावं. आणि देवनागरी वाचणाऱ्यांसाठी खास जागा म्हणजे बऱ्हाणपूरची जामा मशीद: आत संस्कृत शिलालेख आहे, संवत आणि शक दोन्ही दिलेला, काळ 1590.

आत जायला परवानगी, तिकीट, हक्क

निघण्यापूर्वी स्मारक कोणाच्या ताब्यात आहे ते पाहा, कारण वेळ, तिकीट, फोटो सगळं त्यावर ठरतं.

1. केंद्र-संरक्षित: भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा निळा फलक असतो. बीबी का मकबरा, देवगिरीचा किल्ला, गोल घुमट, इब्राहिम रौजा या वर्गातले. तिकीट ऑनलाइन काढता येतं, पंधरा वर्षांखालच्या मुलांना ते लागत नाही. मोबाइलनं फोटो काढायला सहसा हरकत नसते, ट्रायपॉड, ड्रोन आणि व्यावसायिक चित्रीकरणाला वेगळी परवानगी लागते. लग्नाआधीच्या फोटोंसाठी छायाचित्रकाराला घेऊन थेट दारात पोचू नका.
2. राज्य-संरक्षित: महाराष्ट्रात पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे. फलक पाहून नियम विचारा.
3. वक्फ किंवा ट्रस्टची: तिकीट नसतं, नियम ट्रस्टचे.

काही ठिकाणी दोन्ही लागू होतं. विजापूरची जामा मशीद संरक्षित आहे आणि तिथं नमाजही होते.

संरक्षित स्मारकांचा 1958 चा केंद्रीय कायदा तुमच्या आणि तिथं प्रार्थना करणाऱ्यांच्या, अशा दोन्ही बाजूंचा विचार करतो. कलम 18 प्रमाणे नियमांच्या अधीन राहून जनतेला संरक्षित स्मारकात जाण्याचा हक्क आहे. कलम 16 प्रमाणे ते प्रार्थनास्थळ असेल तर त्याच्या स्वरूपाशी विसंगत वापर करता येत नाही. म्हणजे "नमाज सुरू आहे, वीस मिनिटं थांबा" असं सांगितलं तर थांबायचं. "तुम्ही आमच्यातले नाही, जा" असं संरक्षित स्मारकात कोणी म्हणालं तर पुरातत्त्व खात्याच्या कर्मचाऱ्याला बोलवायचं. जागेवर भांडायचं नाही.

स्त्रियांचा प्रश्न. मुंबईच्या हाजी अली दर्ग्यात मजारीपर्यंत, म्हणजे पीरांच्या कबरीपर्यंत, जायला स्त्रियांना घातलेली बंदी मुंबई उच्च न्यायालयानं ऑगस्ट 2016 मध्ये घटनाबाह्य ठरवली, ट्रस्टनं सर्वोच्च न्यायालयात ते मान्य केलं आणि त्या वर्षअखेरीपासून स्त्रिया आत जाऊ लागल्या. हा निकाल त्या दर्ग्याच्या खटल्यातला होता. इतर अनेक दर्ग्यांत अजून उंबरठ्यापर्यंतचाच रिवाज आहे. माझा सल्ला असा की आधी मुजावरांना सरळ विचारा. बऱ्याचदा पाटी जुनी असते आणि वागणूक बदललेली असते. नकार मिळाला आणि तो पटला नाही, तर ट्रस्टला लेखी विचारा. उरुसाच्या गर्दीत, दारातच हक्काची लढाई सुरू करू नका. ती तिथं जिंकता येत नाही.

पैसे. दर्ग्यात गलेफ (कबरीवरची चादर), फुलं, पेटीतलं दान हे ऐच्छिक असतं. चपला सांभाळणाऱ्याला द्यायचे ते द्या. पावतीशिवाय "प्रवेश फी" मागितली तर देऊ नका. गाइड घेण्याची सक्ती नाही. घेतलात तर परवाना पाहा आणि दर आधी ठरवा.

आत वागायचं कसं

शुक्रवारी दुपारी बारा ते अडीच मशिदी टाळा. रमजानच्या संध्याकाळीही पाहुण्यासारखं जा, पर्यटकासारखं नको. चपला बाहेर, किंवा हातात तळ आत वळवून. डोक्यावर रुमाल किंवा ओढणी असली की कोणाला काही बोलावं लागत नाही. नमाज पढणाऱ्याच्या पुढून जाऊ नका, मागून जा, आणि त्याचा फोटो काढू नका. हौदात पाय बुडवू नका, ते पाणी वजूचं आहे. मशिदीत बिगरमुस्लिमांना सरसकट बंदी नसते, पण चालत्या मशिदीत "आत येऊ का?" असं विचारून गेलात तर बहुतेक वेळा कोणी तरी वडीलधारे चाचा उठून स्वतः फिरवून दाखवतात. ती माहिती छापील फलकावर मिळत नाही.

गोष्टी ऐका, पण लेखाशी ताडून पाहा

नगरजवळच्या डोंगरावर "चांदबीबीचा महाल" म्हणून जे दाखवतात, तो महाल नव्हे आणि चांदबीबीचाही नव्हे. तो निजामशाहीतला मुत्सद्दी सलाबतखान याचा अष्टकोनी मकबरा आहे. नाव मात्र इतकं रुळलं आहे की रिक्षावाल्याला सलाबतखान सांगून उपयोग नाही. नगरचीच दमडी मशीद मजुरांनी एकेक दमडी देऊन बांधली अशी कथा आहे. इमारत पाहिली की कथेवर विश्वास ठेवावासा वाटतो, इतकी लहान आणि इतकी कोरीव. तिची उभारणी मात्र साहिरखान याच्या नावावर, 1567-68 ची आहे.

जुन्या देवळांच्या खांबांचा प्रश्नही येतोच. देवगिरीच्या 1318 च्या जामा मशिदीत तसे खांब आहेत, तिथं 1948 नंतर भारतमातेची मूर्ती आहे. विजापूरच्या 1320 च्या करीमुद्दीन मशिदीतही जुन्या मंदिराचे खांब वापरले आहेत. पाहायचं असेल तर खांबाचा तळ, मधला चौकोन आणि वरची तोडी नीट पाहा. वेगवेगळ्या इमारतींतून आणलेले खांब उंचीला जुळवण्यासाठी खाली-वर भर घातलेली दिसते. यावरून आवारात वाद घालणाऱ्यांत सामील होऊ नका. तिथल्या इमामांना सातशे वर्षांपूर्वीचा जाब विचारून काही हाती लागत नाही.

वेळ किती, त्यावर बेत

- अर्धा दिवस, मुंबई: जनरल पोस्ट ऑफिस आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, दोन्हींचे घुमट गोल घुमटाच्या घाटाचे, जॉन बेग आणि जॉर्ज विटेट या ब्रिटिश वास्तुकारांनी उभारलेले. संग्रहालयात दख्खनी चित्रं पाहा.
- एक दिवस, छत्रपती संभाजीनगर: सकाळी देवगिरी, मग खुलताबाद, परतताना उन्हं कलल्यावर बीबी का मकबरा. खुलताबादला मलिक अंबरचा मकबरा चुकवू नका, गर्दी नसते.
- दोन दिवस, विजापूर: सोलापूरहून सुमारे 100 किलोमीटर. पहिल्या सकाळी गोल घुमट, दुसऱ्या सकाळी इब्राहिम रौजा. मध्ये जामा मशीद आणि बारा कमान. बारा कमान हा दुसऱ्या अली आदिलशहाचा अपुरा राहिलेला मकबरा आहे. कमानी कशा चढवतात ते पूर्ण इमारतीत लपतं, इथं उघडं दिसतं. आदल्या संध्याकाळी पोचलात, तर माझ्या मते गोल घुमटाआधी इथंच जावं.

बिदरी विकत घेताना

बिदरहून परतताना काळ्या भांड्यांची खरेदी होते. मूळ धातू जस्त आणि थोडं तांबं, त्यात चांदीची तार किंवा पत्रा कोरून बसवतात आणि शेवटी किल्ल्यातल्या मातीच्या लेपानं धातू काळा करतात. चांदी काळी पडत नाही, म्हणून नक्षी उठून दिसते. बोट फिरवून पाहा: चांदी पृष्ठभागाशी सपाट लागली पाहिजे, रंगासारखी वर आलेली नको. वजन जड असतं. बिलावर "बिदरी, चांदीकाम" असं लिहून घ्या. घरी पितांबरीनं घासू नका, काळा रंग निघून जाईल. कोरड्या मऊ कापडाला खोबरेल तेलाचा थेंब लावून पुसा.

काही बिघडलेलं दिसलं तर

भिंतीवर नावं कोरणं, रंग फासणं यासाठी केंद्र-संरक्षित स्मारकात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही, त्यापुढच्या आणखी 200 मीटरांत परवानगी लागते. स्मारकाशेजारी घर किंवा दुकान घेत असाल तर व्यवहाराआधी हे तपासा. तक्रार करायची तर तारखेसह फोटो काढा आणि फलकावर ज्या मंडळाचं नाव आहे, त्याच्या अधीक्षक पुरातत्त्वविदांना लिहा. उत्तर आलं नाही, तर त्याच मजकुरावर माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो.